पाऊस देवाचा, घागर आपली



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. घरोघरी आगोटीची तयारी चालू आहे. मसाले कुटून झाले, सुके बोंबील आणि जवळा डब्यांत गेला, सरपण आत आले, छपराची डागडुजी झाली. चार महिने काही कमी पडू नये म्हणून आपल्या आयाबायांनी पिढ्यान् पिढ्या ही काळजी घेतली आहे. पण या तयारीच्या यादीत एक गोष्ट सहसा नसते. जो पाऊस येणार म्हणून आपण एवढी धावपळ करतो, त्या पावसाचे पाणी ठेवायचे कशात, हा विचार फार थोड्या घरांत होतो. म्हणून आजच्या रविवारी आम्ही याच विषयावर आपल्याशी बोलणार आहोत.

विषय ऐकून कुणी म्हणेल, "फादर, हे तर नगरपालिकेचे काम. चर्चमध्ये देवाचे बोला." आम्ही देवाचेच बोलत आहोत. पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाणी वाहत आहे. पाण्यानेच आपला स्नानसंस्कार झाला. ईस्टरच्या जागरण विधीत आपण पाणी आशीर्वादित करतो. चर्चच्या दारात त्याच पाण्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतो. ज्या पाण्याला आपण वेदीजवळ एवढा मान देतो, त्याला अंगणात गटाराची वाट दाखवणे भक्तीला शोभत नाही.

देवाने दिले, शिष्यांनी गोळा केले

संत योहानाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आठवा. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजार पुरुष जेवून तृप्त झाले. हा चमत्कार आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्यानंतर प्रभूने शिष्यांना काय सांगितले, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करायला त्याने सांगितले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला पाच भाकरींतून हजारोंना जेवू घालता येते, त्याला चार उरलेल्या तुकड्यांची काय कमतरता? तरीही त्याने ते फेकू दिले नाहीत. भाकरी वाढवणे हे प्रभूचे काम होते, तुकडे वेचणे हे शिष्यांचे. त्याने ते काम स्वतःकडे घेतले नाही, देवदूतांनाही दिले नाही.

पावसाचेही तसेच आहे. समुद्राची वाफ होते, ढग बनतात, वारा ते किनाऱ्यावर आणतो. यात आपला हात कुठेही नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले आहे की, स्वर्गीय पिता नीतिमान आणि अनीतिमान अशा दोघांवरही पाऊस पाडतो. पावसाला पावती नाही, मीटर नाही. आपल्या वसईच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत घरभेटीला गेलो की आम्हाला कुठे रिकाम्या पिंपांची रांग दिसते, कुठे टँकरची वाट पाहणारे लोक, तर कुठे जिचे पाणी चहालाही चालत नाही अशी खारट विहीर. देणाऱ्याने हात आखडला नाही. मग टोपल्या कुणी भरल्या नाहीत?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांत एक तत्त्व आम्हाला पुन्हा पुन्हा भेटत असे. घेणाऱ्याला जे मिळते, ते त्याच्या घेण्याच्या क्षमतेनुसार मिळते, असा त्याचा आशय. वाक्य अवघड वाटते, पण आपल्या आजीला ते शाळेत न जाता ठाऊक होते. पाऊस सुरू झाला की ती वळचणीखाली हंडे-कळश्या मांडायची. पागोळी सगळ्यांवर सारखीच पडायची. हंड्यात हंडाभर पाणी यायचे आणि पेल्यात पेलाभर. पालथ्या भांड्यात मात्र काहीच येत नसे. कृपेचेही असेच असते, आणि पाण्याचेही.

बायबलमधील देश पावसाचे पाणी पीत होता

अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांना दोन देशांतील फरक समजावतो. इजिप्तमध्ये नाईल नदी होती. तिथे मळा शिंपावा तसे शेत शिंपता येत असे. वचनदत्त देश मात्र डोंगर-दऱ्यांचा, आणि तो आकाशातील पावसावर जगणारा. तिथे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच पाऊस आणि नंतर कोरडा उन्हाळा. म्हणून लोकांनी चुनखडीच्या खडकात टाकी खोदली, आतून चुन्याचा गिलावा केला आणि छपरावरचे, अंगणातले पाणी त्यांत वळवले. यहूदाचा राजा उज्जिया याने रानात बुरूज बांधले आणि पुष्कळ हौद खोदले, असे दुसऱ्या इतिहासाच्या ग्रंथात नमूद आहे.

शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा याचा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील शिलालेख १८६८ साली सापडला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात हा राजा सांगतो की, नगरात पाण्याचे टाके नव्हते, म्हणून आपण प्रत्येकाला स्वतःच्या घरात टाके करण्याची आज्ञा दिली. पावसाचे पाणी साठवण्याचा हा सरकारी हुकूम सुमारे २,८०० वर्षांपूर्वीचा आहे! नाझरेथ येथील उत्खननातही खडकात कोरलेली अशी टाकी सापडली आहेत. ज्या गावात येशू वाढला, त्या गावाला पावसाचा थेंब राखून ठेवण्याची सवय होती.

म्हणूनच यिर्मया संदेष्ट्याने देवाचे गाऱ्हाणे टाक्याच्या भाषेत मांडले, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या ते काळजाला भिडले असेल. लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला, आणि ज्यांत पाणी टिकत नाही अशी फुटकी टाकी स्वतःसाठी खोदली, हे ते गाऱ्हाणे. गिलाव्याला तडा गेला की वर्षभराचे पाणी हळूहळू खडकात मुरून जाई आणि ऐन उन्हाळ्यात घर तहानेने व्याकूळ होई. आपल्या घरातील तडे आपण तपासले आहेत का? दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला १५ ते २० लिटर पाणी घालवतो. त्या नळाखाली बादली ठेवून समाधान मानण्यापेक्षा त्याचा वायसर बदलणे बरे.

आपल्या बापजाद्यांनी खोदलेले

वसईकराला पाणी राखायला नव्याने शिकायचे नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी; तिन्ही बाजूंनी खारे पाणी, आणि मधल्या पट्ट्यात केळी, पानवेली, फुलझाडे आणि भाजीपाला. हा हिरवा चमत्कार विहिरींनी आणि बावखलांनी टिकवला. वाडीत खोदलेले बावखल पावसाळ्यात काठोकाठ भरायचे. त्यातले पाणी झाडांना मिळायचे आणि उरलेले हळूहळू जमिनीत उतरून आसपासच्या विहिरींना पुरायचे. रहाटाने जेवढे पाणी वर येई, तेवढेच खर्च होई. त्यामुळे विहिरीलाही उसंत मिळायची.

पुढे विजेचे पंप आले, बोअरिंग आले, टँकर आले. गेल्या काही दशकांत जमिनीचे भाव वाढले आणि अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. आज त्यांच्यावर घरे आणि इमारती उभ्या आहेत. पावसाने मुरायचे कुठे? मग ते पाणी रस्त्यावर येते, घरात शिरते, आणि आठ महिन्यांनंतर त्याच घरात टँकर बोलवावा लागतो. पाण्याने पूरही यावा आणि टंचाईही व्हावी, ही गोष्ट निसर्गाने आपल्यावर लादलेली नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा आहे की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी असते. उलट, अति उपशाने वरची पातळी १ फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकू शकते. एकदा खारट झालेली विहीर पैशाने गोडी होत नाही. तिला पावसाचेच पाणी लागते, आणि तेही अनेक वर्षे.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. त्याचा पिता अब्राहाम याच्या काळात खोदलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि त्यांना वडिलांनी दिलेलीच नावे दिली. आपल्याकडे मात्र विहिरी बुजवायला कुणी पलिष्टी आले नाहीत. बऱ्याच ठिकाणी भरावाचा ट्रक मालकाच्याच सांगण्यावरून आला. पण इसहाकाची वाट आजही मोकळी आहे. काही गावांतील तरुणांनी बावखलांतील गाळ आणि जलपर्णी काढून ती पुन्हा जिवंत केली आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे २०२४ साली निधन झाले. हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून त्यांनी या हिरव्या पट्ट्यासाठी लोकांना जागे केले. त्यांचे स्मरण सभा-भाषणांनी करावेच, पण एखादे बावखल वाचवूनही करावे.

हिशेब साधा आहे

१ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. आपले छप्पर ५०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरचे आहे असे समजा. २,००० मिलिमीटर पावसाचे त्यावर ९२,००० लिटर पाणी पडते. उडालेले, सांडलेले असे एक पंचमांश वजा केले, तरी ७०,००० लिटरहून अधिक उरते. म्हणजे १०,००० लिटरचे सात टँकर! शहरी घरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर पाच जणांच्या कुटुंबाला हे पाणी साडेतीन महिने पुरेल.

एवढे सगळे पाणी कुणी टाकीत भरू शकत नाही, आणि तशी गरजही नाही. थोडे घरासाठी साठवावे, बाकीचे विहिरीला आणि जमिनीला द्यावे. त्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पावसाआधी छप्पर झाडून घ्या. पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, धूळ काढा. छपराच्या कडेला पन्हळ बसवा. प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरूनही ती होते. पन्हळीला उतार द्या आणि तोंडाला जाळी लावा. पहिल्या एक-दोन जोरदार सरींचे पाणी साठवू नका, कारण त्यात छपराची घाण असते. त्यासाठी उभ्या पाइपाला खाली एक टोपण ठेवा. ते उघडले की पहिले पाणी बाहेर जाते.

टाकीत जाण्याआधी पाणी गाळून घ्या. एका पिंपात तळाला मोठे दगड, त्यावर खडी आणि वर जाड धुतलेली वाळू, एवढ्याने पुष्कळ काम होते. वाळू दरवर्षी धुवावी. टाकी नेहमी झाकलेली असावी आणि हवेच्या नळीलाही बारीक जाळी असावी. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून उघडी पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. पाणी राखताना शेजाऱ्याच्या घरी ताप पाठवू नका. हे पाणी धुणीभांडी, लादी, संडास आणि बाग यांसाठी वापरावे. पिण्यासाठी वापरायचे असल्यास नीट गाळून आणि उकळूनच. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवरचे पाणी पिऊ नये.

ज्यांच्या दारी विहीर आहे, त्यांनी छपराचे गाळलेले पाणी पाइपाने विहिरीत सोडावे. केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात २००८ साली 'मळपोलिमा' नावाने अशीच योजना सुरू झाली आणि घराघरांतील विहिरींना छपराचे पाणी जोडले गेले. किनारा, विहिरी, कौलारू घरे आणि मुसळधार पाऊस तिथेही आपल्यासारखेच आहेत. विहीर नसेल तर अंगणात शोषखड्डा घ्या, पण तो संडासाच्या टाकीपासून किमान ५० फूट दूर असावा. मोरीचे किंवा रस्त्याचे पाणी विहिरीत कधीही सोडू नका.

बागेत प्रत्येक झाडाला खोल आळे करा. उताराला आडवा मातीचा बांध घाला. केळीची सुकलेली पाने जाळण्याऐवजी झाडांच्या बुंध्याशी पसरा, म्हणजे पाऊस संपल्यावरही ओल टिकेल. सगळे अंगण सिमेंटने किंवा फरशीने झाकू नका. जमिनीलाही श्वास घ्यायला आणि पाणी प्यायला जागा हवी.

इमारतीत राहणाऱ्यांनी, "आमचे छप्परच नाही," असे म्हणू नये. गच्ची सर्वांची आहे. महाराष्ट्रात मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलाची योजना नियमाने बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीत ती कागदावर आहे की खरोखर चालते, एवढा प्रश्न पुढच्या सभेत विचारा.

जमिनीखाली कुंपण नसते

आता मुख्य मुद्दा. हे सारे केवळ आपला खर्च वाचवण्यासाठी असते, तर त्यावर प्रवचनाची गरज नव्हती. जमिनीवर आपण कुंपण घालतो, सातबारा काढतो, हद्दीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. पण जमिनीखालील पाणी कुणाचा सातबारा वाचत नाही. आपण खोल बोअरिंग मारून अहोरात्र पंप चालवतो, तेव्हा पलीकडच्या विधवेची विहीर आटते. आपण छपराचे पाणी मुरवतो, तेव्हा तिच्या विहिरीतही ओंजळभर चढते. ज्याच्याशी आपण दहा वर्षे बोललो नाही, त्यालाही ते मिळते. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा आपण पुष्कळदा भावनेने ऐकतो. इथे ती पाइप आणि वाळूने पाळता येते. शिवाय कुणाला किती गेले हे दिसत नाही, म्हणून हे गुप्तदान आहे.

थोडे दूरही पाहू या. वसई-विरारच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः सूर्या नदीच्या धरणातून येते. ही नदी आपल्याच पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ, आदिवासी भागातून वाहते. त्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात आपल्या आदिवासी भगिनी डोक्यावर हंडे घेऊन मैलोन् मैल चालतात. नळ सुरू ठेवून दात घासताना त्या आपल्याला आठवाव्यात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लौदातो सी' या परिपत्रकात शिकवले आहे की, पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे. ज्यांना ते मिळत नाही, त्यांचे जग देणे लागते.

कुणी म्हणेल, एका घराने काय होणार? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात आपल्या एक पंचमांश, म्हणजे वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. तरी त्या गावाने पाणी अडवले, शेतीसाठी बोअरिंगला बंदी केली आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पाऊस आपल्याकडे त्यांच्या पाचपट. मग कमी कशाची आहे, याचा विचार ज्याने त्याने आपल्या अंतःकरणात करावा.

या आठवड्याचा संकल्प

आम्ही आपणांस तीन गोष्टी सुचवतो. पहिली, येत्या रविवारपर्यंत प्रत्येक घराने आपले छप्पर मोजावे आणि वरचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. दुसरी, २४ जूनला संत योहान बाप्तिस्ताचा जन्मोत्सव आहे. त्याने यार्देनच्या पाण्यात उभे राहून लोकांना पश्चात्तापाची हाक दिली. त्या दिवसापर्यंत घराची एक तरी पन्हळ टाकीकडे, विहिरीकडे किंवा झाडाकडे वळवावी. तिसरी, ज्यांच्या वाडीत बावखल उरले आहे, त्यांनी ते विकण्या-बुजवण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांशी आणि शेजाऱ्यांशी एकदा बोलावे. ज्यांना पाइप-पन्हळीचा खर्च झेपत नाही, त्यांनी संकोच न करता आमच्याकडे यावे. प्लंबिंगची कामे करणारे आपल्या धर्मग्रामातील तरुण एखादा शनिवार देतील, असा आम्हाला विश्वास आहे. चर्चच्या छपराचे पाणी चर्चच्याच विहिरीत आणण्याचा विषय आम्ही पॅरिश कौन्सिलच्या पुढील बैठकीत मांडणार आहोत.

शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर आली, तेव्हा प्रभूने तिच्याकडे प्यायला पाणी मागितले. त्याने जिवंत पाण्याची गोष्ट काढली, ती याकोबाच्या विहिरीच्या काठावर. ती विहीर याकोबाने दिली आणि पिढ्यान् पिढ्या लोकांनी सांभाळली, म्हणून ती भेट त्या जागी झाली. उद्या आपल्या नातवंडांच्या दारी कुणी तहानेला येईल. तेव्हा त्याला द्यायला त्यांच्या विहिरीत गोडे पाणी असावे, एवढी तजवीज आपण या पावसाळ्यात करू या.

हे प्रभू, तू न मागता पाऊस देतोस. तो राखण्याची बुद्धी आणि वाटून घेण्याचे मन आम्हाला दे. आमेन.